अर्ज अपुरा, शुल्क जमा

नवेगाव बांधच्या माणसाची कमाई तीन ठिकाणांहून येते. बांधाखालच्या धानाच्या बांध्यांतून, तलावातल्या मासळीतून आणि भोवतालच्या जंगलातून. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला म्हणून हा तलाव ओळखला जातो. 1975 मध्ये इथल्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. आज या तिन्हींपैकी कशावरही हक्क सांगायचा किंवा धंदा उभा करायचा, तर आधी कुठेतरी नाव नोंदवावे लागते. ढिवर बांधवांना तलावाचा ठेका हवा असेल तर मच्छीमार सहकारी संस्था नोंदवायची. धान उत्पादकांना एकत्र येऊन तांदूळ विकायचा असेल तर शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवायची. पोत्यावर स्वतःचे नाव छापायचे तर ट्रेडमार्क, घरात जपलेल्या वाणावर हक्क सांगायचा तर वाणाची नोंदणी, शेत घेतले तर खरेदीखताची नोंदणी. प्रत्येक नोंदणीला अर्ज असतो आणि बहुतेक अर्जांना शुल्क. अर्जात काही चुकले तर त्या शुल्काचे काय होते, हे मात्र बहुतेकांना पैसे गेल्यावरच कळते.

ते आधी कळावे, एवढ्यासाठी हे प्रकरण.

समजा, नवेगाव आणि आसपासच्या गावांतले दहा धान उत्पादक एकत्र आले आणि त्यांनी उत्पादक कंपनी काढायचे ठरवले. कायद्याने किमान दहा उत्पादक आणि किमान पाच संचालक लागतात. कंपनी कायद्यात अशा कंपन्यांची तरतूद 2002 च्या दुरुस्तीने आली. पहिली अट नावाची. नावाच्या शेवटी ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द हवेतच. त्याआधी काय लावायचे, यावर गावात दोन-तीन बैठका होतात आणि शेवटी बळीराजा, अन्नदाता, भूमिपुत्र यांपैकी एखादे नाव पक्के होते. अशी नावे महाराष्ट्रात शेकडो जणांना सुचलेली असतात. मग कोणीतरी म्हणतो, पुढे ‘नवेगाव’ लावा, वेगळे होईल. इथेच अर्ज अडकतो. कंपनीच्या नावांबाबतचे नियम सांगतात की आधीच नोंदलेल्या नावाला नुसते गावाचे नाव जोडल्याने ते नवे नाव ठरत नाही. एकवचनाचे अनेकवचन केले, शब्दांचा क्रम बदलला, मराठी नावाचे इंग्रजी भाषांतर केले, उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदलले, तरीही ते वेगळे नाव मानले जात नाही. आपल्याकडे ‘कृषी’चे स्पेलिंग कोणी ‘आर’नंतर ‘यू’ घालून करतो, कोणी ‘आय’ घालून. अर्जदाराला ही दोन नावे वाटतात, निबंधकाला एकच.

नाव राखून ठेवण्याचा अर्ज स्वतंत्रपणे केला तर शुल्क 1,000 रुपये. त्यात दोन नावे सुचवता येतात. दोन्ही नाकारली गेली आणि पुन्हा सादर करण्याची संधीही वाया गेली, तर हजार रुपये गेले. नाव मंजूर झाले तर ते 20 दिवस राखून ठेवलेले असते. तेवढ्या दिवसांत कंपनीच्या स्थापनेचा अर्ज गेला नाही तरी हजार रुपये गेलेच. नवेगावातून गेलेला हा अर्ज तपासला जातो हरियाणातल्या मानेसरला, तिथल्या केंद्रीय नोंदणी केंद्रात. तपासणारा अधिकारी अर्जदाराला ओळखत नाही आणि नवेगावचा अर्जुनी मोरगाव तालुका नकाशावर कुठे आहे हेही त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे फक्त पडद्यावरची कागदपत्रे असतात.

आता ती कागदपत्रे जरा जवळून पाहू. कंपनीचा पत्ता म्हणून एका संचालकाचे घर दाखवले. पुरावा म्हणून वीजबिल जोडले. ते दोन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. बिल आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर, आणि वडील वारलेले. घरमालकाचे ना-हरकत पत्र लागते, पण कागदोपत्री मालक हयात नाही आणि वारसनोंद झालेली नाही. उत्पादक असल्याचा पुरावा म्हणून सातबारा जोडला. सातबाऱ्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम, आधारवर आडनाव आधी, पॅनवर मधले नावच नाही. गावात या तिन्ही कागदांवरचा माणूस कोण हे शेंबडे पोरही सांगेल. मानेसरच्या पडद्यावर मात्र ती तीन वेगवेगळी माणसे ठरतात. अर्ज त्रुटीसह परत येतो. नियमानुसार त्रुटी दूर करायला 15 दिवस मिळतात. पुन्हा काही राहिले तर आणखी एक संधी, तीही 15 दिवसांची. दोन्ही मिळून 30 दिवसांपेक्षा जास्त नाही. वारसनोंद 30 दिवसांत होईलच असे तलाठी कार्यालयाशी संबंध आलेला कोणीही सांगणार नाही.

सरकारने एक चांगली गोष्ट केली आहे. 2019 पासून 15 लाख रुपयांपर्यंत अधिकृत भांडवल असलेल्या कंपनीला स्थापनेचे केंद्रीय शुल्क शून्य आहे. लहान उत्पादक कंपनीला याचा मोठा आधार आहे. पण शुल्क शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे. मुद्रांक शुल्क राज्याचे. ते भरून झाल्यावर अर्ज बारगळला तर केंद्राच्या परतावा सुविधेतून ते परत मिळत नाही, त्यासाठी राज्याकडे वेगळी दाद मागावी लागते. डिजिटल सह्यांचा खर्च आणि सनदी लेखापालाचे मानधन तर कोणत्याच नियमात परत येण्यासारखे नाही. शिवाय कंपनी झाल्यावर दरवर्षी जे विवरण भरायचे, त्याचा नियम आणखी कडक आहे. दस्तऐवज सदोष असल्याचे निबंधकाने कळवले आणि मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर तो अवैध ठरतो. पुन्हा भरायचा तर नवे शुल्क, आणि तोवर उशीर झालेला असतो म्हणून वर अतिरिक्त शुल्क. एका चुकीचे पैसे दोनदा गेले.

पोत्यावर नाव छापण्याची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे रक्कम मोठी आणि चूक बहुधा दुरुस्त न होणारी. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी 4,500 रुपये लागतात, इतरांना 9,000. वर्ग म्हणजे मालाची जात. तांदूळ वर्ग 30 मध्ये, पण न भरडलेले धान आणि बियाणे वर्ग 31 मध्ये. दोन्ही विकायचे तर दोन शुल्के. ज्याने 30 मध्ये अर्ज केला आणि पुढे बियाणे विकायला घेतले, त्याला तोच अर्ज वाढवून घेता येत नाही. नवा अर्ज, नवे पैसे. आणि नाव? अर्जदाराच्या मनात साहजिकच ‘नवेगाव तांदूळ’ असते. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 प्रमाणे निव्वळ मालाचे मूळ ठिकाण सांगणारे चिन्ह नोंदता येत नाही, कारण नवेगावचा तांदूळ विकण्याचा हक्क नवेगावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा आहे. आक्षेप रास्त आहे. पण तो येईपर्यंत 4,500 रुपये जमा झालेले असतात. आक्षेपाचे पत्र मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानता येते. हे पत्र ई-मेलवर येते, आणि तो ई-मेल अनेकदा अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाचा असतो. महिना निघून गेल्यावर अर्जदार चौकशीला येतो.

चिन्नोर तांदळाचे उदाहरण या बाबतीत शिकण्यासारखे आहे. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. 1999 पर्यंत आपला गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे ही आपल्या घरातलीच गोष्ट. ठिकाणाचे नाव जिथे अडचण ठरते तो ट्रेडमार्कचा कायदा. जिथे ठिकाणाचे नावच हक्काचा पाया असते तो भौगोलिक मानांकनाचा कायदा, आणि तिथे अर्ज एका व्यक्तीचा नसून उत्पादकांच्या संघटनेचा असतो. चुकीच्या खिडकीवर भरलेले पैसे योग्य खिडकीवर वळते होत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी खिडकी ओळखावी लागते.

आता प्रश्न असा की, नोंदणी दिलीच नाही तर शुल्क कशाचे ठेवून घेतले? हा प्रश्न भाबडा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला. मद्रास सरकारने मठ-देवस्थानांच्या उत्पन्नातून 5 टक्क्यांपर्यंत अंशदान घेण्याचा कायदा केला होता. न्यायालयाने म्हटले, कर हा सर्वसाधारण महसूल, तो देणाऱ्याला त्याच्या बदल्यात काही मिळावे अशी अट नाही. शुल्क मात्र दिलेल्या सेवेशी जोडलेले असले पाहिजे. त्या अंशदानाचा कोणत्याही सेवेशी मेळ नव्हता, म्हणून ते कर ठरले आणि तो लावण्याचा अधिकार राज्याला नव्हता. पुढच्या निकालांनी ही अट सैल केली. पै-पैचा हिशेब जुळला पाहिजे असे नाही, आणि नियमनासाठी घेतलेल्या शुल्काला तर तशा मोबदल्याचीही गरज नाही, असे न्यायालये म्हणू लागली. तरी मूळ विचार टिकून आहे. शुल्क कशासाठी, हे सांगता आले पाहिजे.

नोंदणी कार्यालयांचे उत्तर असे की शुल्क नोंदणीचे नाही, तपासणीचे आहे. अधिकाऱ्याने अर्ज वाचला, नाव ताडून पाहिले, आक्षेप काढला. एवढे श्रम अर्ज मंजूर होवो वा न होवो, झालेच. दुसरे कारण गर्दीचे. अर्ज फुकट असेल किंवा पैसे सहज परत मिळत असतील, तर चांगली नावे अडवून ठेवण्यासाठी लोक डझनभर अर्ज टाकतील आणि खरा गरजू मागे राहील. दोन्ही कारणांत तथ्य आहे. खरेदीखतासारख्या दस्ताच्या बाबतीत तर 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 80 स्पष्टच सांगते की शुल्क दस्त सादर करतानाच द्यायचे. आधी काम, मग पैसे, अशी सोय तिथे शंभर वर्षांत कधी नव्हती.

पण हेच उत्तर नीट लावले तर त्याची मर्यादाही दिसते. तपासणी झाली असेल तर शुल्क ठेवणे न्याय्य. अर्ज पहिल्याच पायरीवर, सही राहिली किंवा पान अस्पष्ट आले म्हणून, कोणी न वाचता परत गेला तर? तिथे श्रम कोणते झाले? पेटंटच्या नियमांनी हा फरक मान्य केला आहे. एकदा भरलेले शुल्क सहसा परत मिळत नाही, हा तिथलाही सर्वसाधारण नियम. पण 2016 च्या दुरुस्तीनंतर पहिला तपासणी अहवाल निघण्याआधी अर्ज मागे घेतला तर तपासणीच्या शुल्कातली 90 टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळू शकते. परीक्षक कामाला बसण्याआधी थांबलात तर पैसे तुमचे, बसल्यावर त्याचे. मला ही रेषा अगदी योग्य वाटते, आणि ती बाकीच्या नोंदण्यांना का लागू नसावी याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

निवडणुकीचा कायदा तर याहून पुढे गेला आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, त्यामुळे तिथल्या उमेदवाराची अनामत 5,000 रुपये, सर्वसाधारण उमेदवाराची 10,000. ‘अनामत जप्त झाली’ हा शब्दप्रयोग आपण निकालाच्या दिवशी ऐकतो. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते मिळाली नाहीत तर ती जाते. पण ज्याचा उमेदवारी अर्जच छाननीत बाद झाला, त्याची अनामत परत मिळते, हे फार थोड्यांना माहीत असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 158 प्रमाणे, रिंगणातल्या उमेदवारांच्या यादीत ज्याचे नाव आले नाही त्याला पैसे परत द्यायचे असतात. कारण सरळ आहे. अनामत घेतली जाते ती लुटुपुटूच्या उमेदवारीला आळा म्हणून. अर्ज बाद झालेला माणूस लढलाच नाही, मग त्याला दंड कशाचा?

त्याच कायद्याचे कलम 36(4) मला नोंदणीच्या प्रत्येक कार्यालयात भिंतीवर लावावेसे वाटते. महत्त्वाच्या स्वरूपाचा नाही अशा दोषावरून निवडणूक अधिकाऱ्याने कोणताही अर्ज फेटाळू नये, असे ते सांगते. कलम 33(4) त्याच्या जोडीला आहे. उमेदवाराच्या, सूचकाच्या किंवा ठिकाणाच्या नावातली लेखनाची वा छपाईची चूक अर्जाला बाधक नाही, ती दुरुस्त करू द्यायची. आमदार होऊ पाहणाऱ्या माणसाच्या नावातली वेलांटी चुकली तर कायदा ती पोटात घालतो. तांदूळ विकू पाहणाऱ्याच्या नावातल्या वेलांटीसाठी मात्र नवे चलन काढावे लागते.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी असाच उदार नियम 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आहे. दावा ग्रामसभेकडे करायचा, त्याला शुल्क नाही. 2012 च्या नियमदुरुस्तीने असे ठरवले की ग्रामसभेचा ठराव किंवा शिफारस अपुरी वाटली तर उपविभागीय किंवा जिल्हा समितीने दावा फेटाळायचा वा बदलायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा. अपुरा अर्ज आणि खोटा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या नियमाने ओळखले. प्रत्यक्षात परत आलेला दावा किती काळ कपाटात राहतो, हा निराळा आणि कडू विषय आहे. पण नियम तरी अर्जदाराच्या बाजूचा आहे, आणि ग्रामसभेने तो मुखोद्गत ठेवावा.

धानाच्या वाणांबाबतही शेतकऱ्याला शुल्क नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 44 प्रमाणे शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा गावसमूह यांना नोंदणीच्या कोणत्याही कामकाजात शुल्क द्यावे लागत नाही, अगदी अपील उच्च न्यायालयात गेले तरी. या तरतुदीची किंमत आपल्या झाडीपट्टीइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास ‘पटेल 3’ धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी जपले, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. एका लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळालेला हा वाण राज्याच्या सीमा ओलांडून गेला. दीड एकराचा धनी असलेल्या दादाजींना 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली, आणि 3 जून 2018 रोजी ते गेले तेव्हाही आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती. एचएमटी आला तेव्हा शेतकऱ्याला वाण नोंदवण्याची सोय देणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. आता आहे, आणि त्यात पैसे अडवत नाहीत.

कागद मात्र इथेही अडवतो. वाणाच्या अर्जासोबत एक प्रमाणपत्र लागते. त्यावर पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्याची, कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकाची किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकाऱ्याची साक्षांकित सही असावी लागते. चौघांपैकी एकाचीच पुरे. गावातली जैवविविधता समिती कागदावर असते, तिची बैठक झालेली नसते, आणि सही कोणी करायची याचा पत्ता नसतो. म्हणून नवेगावसारख्या गावाने ही समिती जिवंत ठेवणे म्हणजे आपल्या वाणांच्या नोंदणीची अर्धी वाट चालून ठेवणे आहे.

बाहेरच्या जगात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिसतात. ब्रिटनमध्ये व्हिसाचा अर्ज अवैध म्हणून, म्हणजे गुणावगुण न तपासता, परत गेला तर माणशी 25 पौंड प्रशासकीय खर्च कापून बाकीचे शुल्क परत देतात. अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने 18 जानेवारी 2025 पासून तिसरीच वाट धरली. एका वर्गाचे मूळ शुल्क 350 डॉलर, आणि अर्जात आवश्यक माहिती कमी असेल तर वर 100 डॉलर अधिभार. अर्ज जिवंत राहतो, अपुरेपणाची किंमत तेवढी वेगळी मोजली जाते. त्याच देशाच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठीच्या नोंदणीचा नियम मात्र निष्ठुर आहे, आणि पुण्या-नागपुरातल्या कितीतरी घरांचे डोळे दर मार्चमध्ये त्याकडे लागलेले असतात. 2020 मध्ये ही ऑनलाइन नोंदणी सुरू झाली तेव्हा शुल्क 10 डॉलर होते, 2025 मध्ये ते 215 डॉलर झाले. एकाच कंपनीने एकाच उमेदवाराची दोनदा नोंदणी केली तर दोन्ही नोंदण्या बाद होतात आणि शुल्क परत मिळत नाही. तिथे चूक कंपनीची आणि वर्ष वाया जाते उमेदवाराचे.

या तिन्हींत मला ब्रिटनची पद्धत सर्वांत सचोटीची वाटते. अर्ज उघडून परत पाठवायला जो खर्च आला तो घेतला, बाकीचा हिशेब चुकता केला. आपल्याकडे दहा रुपयांचा अर्ज असो वा दहा हजारांचा, पहिल्या पायरीवर परत गेलेल्या अर्जाला असा नियम करायला तंत्राची अडचण नाही. पैसे ऑनलाइन घेता येतात, तर ते ऑनलाइन परतही देता येतात.

चुकीची किंमत फक्त अर्जदारानेच मोजायची असे आपल्या कायद्यात नाही, हेही ठाऊक असावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 घ्या. वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणांनी मच्छीमार संस्थेचा रीतसर अर्ज दिला, तर निबंधकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा. दिला नाही तर 15 दिवसांत तो अर्ज वरिष्ठाकडे पाठवायचा. त्यानेही दोन महिन्यांत निकाली काढला नाही तर संस्था नोंदली गेली असे मानले जाते. माहिती अधिकारात 30 दिवसांत माहिती दिली नाही तर पुढे ती विनामूल्य द्यावी लागते, म्हणजे तिथे शुल्क बुडते ते सरकारचे. लिहिता न येणाऱ्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यासाठी माहिती अधिकाऱ्याने सर्व वाजवी मदत करायची, असेही तोच कायदा सांगतो. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारायचा तर कारण लेखी नोंदवावे लागते, आणि विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. फक्त एक खाच लक्षात ठेवायची. या कायद्यातली मुदत सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज पोचल्यापासून मोजतात. अर्ज अपुरा असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून पोच घेताना त्यावर अर्ज क्रमांक आणि मुदत आहे का ते पाहावे, आणि काही कमी असेल तर काय कमी आहे ते तिथल्या तिथे लिहून मागावे.

लेखी कारण मागण्याचा हक्क नवा नाही. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदायला नकार दिला तर नोंदणी कायद्याच्या कलम 71 प्रमाणे त्याने कारणे पुस्तक क्रमांक 2 मध्ये नोंदवायची असतात, आणि दस्ताशी संबंधित माणसाने मागितली तर त्या कारणांची नक्कल विनामूल्य द्यायची असते. अपिलाला 30 दिवस मिळतात. प्रत्यक्षात नकार तोंडी मिळतो: ‘होत नाही, उद्या या.’ तोंडी नकाराला अपील नसते, दिवस मात्र जात राहतात. दस्त करून दिल्यापासून चार महिन्यांत तो सादर करावा लागतो. त्यानंतरच्या चार महिन्यांत उशीर माफ होऊ शकतो, पण नोंदणी शुल्काच्या दहा पटींपर्यंत दंड भरून. महाराष्ट्रात हे शुल्क मालमत्तेच्या किमतीच्या 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. दहा पट म्हणजे किती, ते प्रत्येकाने आपल्या व्यवहारावरून काढून पाहावे. म्हणून नकार लेखी घ्या.

नवेगावातून, अर्जुनीतून किंवा कुठल्याही गावातून अर्ज करणाऱ्याला माझे सांगणे एवढेच. सेवा केंद्रात बसल्यावर आधी पैसे भरू नका. आधी आधार, पॅन, सातबारा आणि बँकेचे पासबुक चारही शेजारी ठेवा आणि प्रत्येकावरचे नाव अक्षर-अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, मग अर्ज. ट्रेडमार्कचा आणि कंपनीच्या नावाचा शोध संकेतस्थळावर फुकट घेता येतो. तो हजार किंवा साडेचार हजार भरण्याआधी घ्या, नंतर नको. अर्जात मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचा द्या, केंद्रचालकाचा नाही, कारण त्रुटीचे पत्र तिथेच येते आणि 15 किंवा 30 दिवस त्याच दिवसापासून मोजतात. उद्यम नोंदणी पूर्ण विनामूल्य आहे. तिच्यासाठी सरकारी वाटणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाने पैसे मागितले तर ते संकेतस्थळ सरकारी नाही. चलन दोनदा कापले गेले तर ती त्रुटी नाही, तो जादा भरणा आहे, आणि जादा भरणा मागण्याचा मार्ग जवळपास प्रत्येक खात्यात असतो. पावती मात्र जपलेली हवी.

शासनाकडे मागणे दोन गोष्टींचे. शुल्क भरण्याच्या पानावर, रकमेच्या अगदी खाली, मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहावे की हे पैसे कोणत्या टप्प्यानंतर परत मिळणार नाहीत. आणि ज्या अर्जाची तपासणी सुरूच झाली नाही, त्याचे शुल्क पोचखर्च वजा करून अर्जदाराच्या त्याच खात्यात परत जावे, त्यासाठी त्याला आणखी एक अर्ज करायला लावू नये. ग्रामसभांनी असे ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावेत. ठरावाला शुल्क लागत नाही.